कुठला गुडघा?

माझ्या आईचा कुठला गुडघा दुखतो हे मला माहीत नव्हतं. हे मला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, औषधाच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर कळलं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी मुलुंड पूर्वेच्या आमच्या पोस्टात तिकिटांच्या काउंटरवर बसायचे, आणि समोरच्याच फुटपाथवर शामजीभाईंचं औषधाचं दुकान होतं. आईच्या गोळ्या मी तिथूनच न्यायचे. “त्या पिवळ्या द्या,” म्हटलं की शामजीभाई मागे न बघता हात घालून काढून द्यायचे. त्या दिवशी त्यांच्या जागी पांढऱ्या कोटातली एक बाई उभी होती. सावळी, ठेंगणी, साधारण माझ्याच वयाची. चष्म्याच्या काड्यांना मागे काळा दोरा बांधलेला.

“गुडघ्याच्या पिवळ्या गोळ्या द्या,” मी म्हटलं.

“कुणासाठी?”

“आईसाठी.”

“कुठला गुडघा?”

“म्हणजे?”

“डावा का उजवा? का दोन्ही?”

मागे एक माणूस खोकला. बाईंनी पुढचं विचारलं, “सकाळी उठल्याउठल्या दुखायलंय का, का दिवसभर काम करून संध्याकाळी? जिना चढताना जास्त का उतरताना? सूज?”

“अहो, ती नेहमी घेते त्याच गोळ्या आहेत.”

“ते कळलं. घर कुठंय तुमचं?”

“मागच्या गल्लीत.”

“मग विचारून या की. मी इथंच आहे.”

मी तणतणत घरी गेले. आई मोरीपाशी विळीवर बसून बांगडे साफ करत होती. माझे बाबा गिरणीत होते तेव्हापासून आमचं घर मुंबईत, पण आईच्या तोंडून मालवण काही सुटलं नव्हतं. मी रागारागाने प्रश्न विचारले. तिने विळी आडवी केली.

“उजवो. उतरताना. पण कोण इचारता?”

“दुकानात नवीन बाई आल्यात.”

आईने हातातला बांगडा ताटलीत ठेवला. मग म्हणाली, “माका आजपर्यंत कोणी इचारल्यान नाय. डॉक्टरानसुद्दा. थांब गो, मी येतंय.” आणि हात धुऊन, पदर सारखा करून ती माझ्याबरोबर निघाली.

दुकानात वजनाच्या यंत्राशेजारी एक लाकडी स्टूल होतं. “बसा मावशी,” बाई म्हणाल्या. आई बसली. “उठा.” आई उठली. “परत बसा.” बाई काउंटरवर कोपरं टेकून नुसत्या बघत होत्या, घड्याळजी उघडलेल्या घड्याळात बघतो तशा. आईलाही गप्प बसवेना. तिने विचारलं, “आडनाव काय गो तुझा?”

“वाघमारे.”

“वाघमारे म्हणजे कुठले?”

हा प्रश्न कशासाठी असतो ते मला माहीत होतं, वाघमारेबाईंना तर होतंच. त्या म्हणाल्या, “परभणीचे. तुम्ही आधी पाय सरळ करून दाखवा.”

आईने पाय सरळ केला.

गोळ्या नेहमीच्या निम्म्याच मिळाल्या. पाकिटावर बाईंनी पेनाने एक ताट काढलं आणि ताटाशेजारी गोळी. म्हणजे आधी जेवण, मग गोळी. आईला वाचता येत होतं, पण ते चित्र तिला इतकं आवडलं की रिकामं पाकीट तिने आठवडाभर देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. शिवाय बाईंनी बजावलं, “विळीवर बसणं बंद. उंच स्टुलावर बसा, नाहीतर ओट्याशी उभं राहून चिरा.”

“मासे उभ्यान?” आई इतकी हसली की तिला परत बसावं लागलं.

वाघमारेबाई दुकानात कशा आल्या ते पुढे शामजीभाईंकडूनच कळलं. फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर लटकलेलं आणि तो माणूस स्वतः घरी किंवा दुसऱ्याच नोकरीत, असं त्या काळात बऱ्याच दुकानांत चालायचं. शामजीभाईंनाही तसंच हवं होतं. बाई म्हणाल्या, “कागद लटकणार असेल तर मी पण तिथंच बसणार.” शामजीभाईंना वाटलं, बसेल आठ दिवस. त्या सात वर्षं बसल्या. शामजीभाई कच्छी, माणूस वाईट नव्हता, पण दुकानात गर्दी झाली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. “बेन, तुम्ही दवा विका ना! इंटरव्यू कशाला घेते सगळ्यांचा?”

“विकतेच आहे की, शेठ. माणूस बघून विकते.”

सांधेदुखीवाल्यांवर बाईंचं विशेष लक्ष असे, कारण हेच लोक चिठ्ठीशिवाय येत आणि वर्षानुवर्षं येत. चिठ्ठी कधीतरी कुणीतरी दिलेली, ती केव्हाच हरवलेली, गोळी मात्र चालू. बाई डॉक्टरचं काम करत नसत. त्याबाबतीत त्या फार काटेकोर होत्या. सकाळी बोटं आखडतात, तासभर मूठ मिटत नाही, असं कुणी म्हणालं की त्या गोळी देण्याआधी कागदावर महापालिकेच्या रुग्णालयातल्या ओपीडीचा वार लिहून देत. “हे झिजेचं नाही वाटत. दाखवून या. उशीर करू नका.” आठवड्याच्या सुट्टीला त्या स्वतः त्याच रुग्णालयात व्यायामाच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसत आणि तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाई कुणाला काय करायला लावतात ते बघत. कुणी हटकलं तर सांगत, “शिकायलेय.”

त्यांच्याकडे एक जुनी डायरी होती. तीत त्या आपल्याला न कळलेल्या गोष्टी लिहीत. ‘पावसाळ्यात जास्त का दुखतं?’ ‘तेल कुठलं हे महत्त्वाचं का चोळणं महत्त्वाचं?’ ‘बसून भांडी घासणारी आणि उभ्याने घासणारी, दोघींचे गुडघे सारखेच का?’ कुणी विचारलेल्याचं उत्तर येत नसेल तर सरळ म्हणत, “मला ठाऊक नाही. विचारून सांगते.” पंधरा दिवसांनी, ते गिऱ्हाईक स्वतःच विसरून गेलेलं असताना, त्याला रस्त्यात गाठून उत्तर सांगत.

एकदा मी विचारलं, “तू इतकं सगळं का विचारतेस गं?” एव्हाना आम्ही अगंतुगंवर आलो होतो. मला वाटलं, घरी कुणाचं दुखणं पाहिलं असेल, तसलं काहीतरी सांगेल.

“कारण कशाला पाहिजे?” ती म्हणाली. “मला कळत नाही म्हणून विचारते.”

विचारताना तिला जागेचं भान राहत नसे, हेही खरं. परबकाका म्हणून एक निवृत्त फिटर होते. कंबर आणि गुडघे, दोन्ही गेलेले. दिवसाला चार-पाच गोळ्या, त्याही चहाबरोबर. एका संध्याकाळी भर गर्दीत ते आणखी गोळ्या मागायला आले. चेहरा कागदासारखा पांढरा. वाघमारेने त्यांच्याकडे बघितलं आणि मोठ्याने विचारलं, “काका, शी कशी होते? काळी होते का? डांबरासारखी?”

परबकाकांच्या कानशिलापर्यंत लाली चढली. “ए बाई, अक्कल आहे का? बायामाणसांसमोर काय विचारतेस?”

“काळी होते का तेवढं सांगा.”

ते ताडताड निघून गेले. आता दुसऱ्या दुकानातून गोळ्या घेणार, हे उघड होतं. वाघमारे काउंटर सोडून बाहेर पडली आणि त्यांच्या मागोमाग घरापर्यंत गेली. त्यांच्या बायकोला दाराबाहेर बोलावून तोच प्रश्न हळू आवाजात विचारला. उत्तर ‘हो’ आलं. गोळ्यांनी पोटात जखम होऊन रक्त जात होतं. त्याच संध्याकाळी त्यांना रुग्णालयात हलवलं. महिन्याभराने काका दुकानात आले, स्टुलावर बसले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, “विचार, काय विचारायचं ते.”

हे सगळं पाहूनही, पुढे आमच्या घरात जे झालं ते मी तिला आधी सांगितलं नाही. कदाचित ती ‘नको’ म्हणेल अशी भीती होती.

पोस्टातल्या एका सहकाऱ्याने नाहूरच्या एका वैद्यबुवाचा पत्ता दिला. रविवारी सकाळी एका गोदामामागच्या खोलीत बसतो, काळ्या पुड्या देतो, माणूस धावायला लागतो. आईचा गुडघा तेव्हा फार वाढला होता. रात्री उठून बसायची. मीच तिला घेऊन गेले. आणि खरंच, चौथ्या दिवशी आई जिना कठडा न धरता उतरली. महिन्याभरात ती बाजारात एकटी जाऊ लागली. भूक वाढली, अंग भरलं, गाल वर आले. आम्ही घरात पेढे वाटले.

पाच महिन्यांनी आई तोऱ्यात शामजीभाईंच्या दुकानात गेली. मी बरोबर होते. “बघ गो वाघमारेबाय, तुझी गोळी आता नको माका!” आणि स्टुलावर बसून, झटकन उठून दाखवलं.

वाघमारेने गुडघ्याकडे बघितलंच नाही. ती आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. “मावशी, चेहरा कधीपासून असा गोल झाला?”

“खातंय म्हणान.”

“हातावर हे निळे डाग कसले?”

“कायतरी लागला असात.”

वाघमारेने मला बाजूला घेतलं. “काय घेते ती?” मी सांगितलं. ती रागावली नाही. “एक पुडी आणून दे मला. आणि ऐक, एकदम बंद करू नको. डॉक्टरांना दाखव, ते सांगतील तशी हळूहळू कमी करायची. यात स्टेरॉइड कुटून घातलेलं असावं असा मला संशय आहे. मोठं औषध आहे ते. डॉक्टरच्या हातात गुणाचं. पण असं न सांगता महिनोन्महिने पोटात गेलं की शरीर स्वतःचं काम विसरतं. मग एकदम थांबवलं तर माणूस कोसळतो.”

आई डॉक्टरकडे जायला तयार होईना. “मी बरी आसय. बऱ्या माणसान डॉक्टराकडे कित्याक जावचा?”

वाघमारेने पुडी सरकारी तपासणीसाठी दिली. अहवालाला महिने लागणार होते, आणि तिला धीर नव्हता. पुढच्या रविवारी ती मला घेऊन नाहूरला गेली. रांगेत पंधराएक माणसं होती. तिने आपल्या सवयीप्रमाणे एकेकाला बोलतं केलं. कुठून आलात, किती महिने, भूक कशी, मधे कधी चुकली का पुडी? कांजूरमार्गची एक बाई म्हणाली, “गावाला गेले तेव्हा न्यायला विसरले. तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठताच येईना, नुसत्या उलट्या.” मी वाघमारेकडे बघितलं. कोडं सुटल्यावर चेहरा उजळतो तसा तिचा उजळला, आणि लगेच विझला.

आमचा नंबर आला. वैद्यबुवा गोरेपान, कपाळाला गंध. “कुठं दुखतं?”

“मला नाही दुखत. मी फार्मासिस्ट आहे. यात काय घालता तेवढं सांगा.”

“जडीबुटी.”

“कुठली?”

“ते गुप्त असतं.”

“असू द्या गुप्त. कंपनीची पांढरी गोळी कुटून घालता का, एवढंच सांगा.”

त्याने पुढ्यातला डबा बंद केला. “निघा.”

बाहेर आल्यावर वाघमारेने एक चिठ्ठी लिहून मला दिली. ‘पाच महिने काळी पुडी चालू. स्टेरॉइडचा संशय. पुडी अचानक बंद झाली असल्यास कृपया ध्यानात घ्यावे.’ म्हणाली, “पर्समध्ये ठेव. काढू नको.”

त्याच्या पुढच्या रविवारी आई एकटीच नाहूरला गेली. खोलीला कुलूप होतं. वैद्यबुवा सामानासकट गेला होता. घरातल्या पुड्या संपल्या होत्या, पण आईने घरी कुणाला सांगितलं नाही. तिला लाज वाटली असावी. गुरुवारी दुपारी शेजारीण पोस्टात धावत आली. आई मोरीत पडली होती. उलट्या, अंग गार, डोळे उघडत नव्हते. रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरला ते जुलाब-उलट्यांचं साधं प्रकरण वाटलं. मी पर्समधली चिठ्ठी पुढे केली. त्याने ती दोनदा वाचली, नर्सला हाक मारली, सलाइनबरोबर स्टेरॉइडचंच इंजेक्शन मागवलं. संध्याकाळी आईने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य म्हणाली, “वाघमारेबायक सांगा नको.”

मी थेट दुकानात गेले आणि सांगितलं. वाघमारे काउंटरच्या बाहेर आली आणि त्या स्टुलावर बसली. तिला तिथे बसलेलं मी प्रथमच पाहिलं.

“तो माझ्यामुळं पळाला,” ती म्हणाली. “मी विचारायला गेले आणि तो पळाला. त्या रांगेतल्या सगळ्यांच्या पुड्या बंद झाल्या असतील, शैला.”

तिने डायरी काढली. रांगेत ज्याने जे सांगितलं ते तिने त्या रविवारी घरी जाऊन लिहून ठेवलं होतं. काही उपयोग होईल म्हणून नव्हे, तिला ते कुतूहलाचं वाटलं म्हणून. ‘कांजूरमार्ग, कारखान्याच्या भिंतीमागची चाळ, मुलगा रिक्षा चालवतो.’ ‘भांडुप, पिठाच्या गिरणीवर, डावा खांदा.’ असं एकेकाचं.

“शेठ, मला दोन दिवस सुट्टी पाहिजे,” ती म्हणाली.

शामजीभाईंनी गल्ला बंद केला. फार्मासिस्टशिवाय दुकान उघडं ठेवणं, हे तिनेच त्यांना इतकी वर्षं चूक म्हणून शिकवलं होतं. “शटर पाडतो दोन दिवस,” ते म्हणाले. “जाव बेन. जल्दी जाव.”

आई वॉर्डात सावरत होती. माझी बहीण तिच्याजवळ बसली आणि मी वाघमारेबरोबर फिरले. कांजूरमार्गच्या बाईचं घर विचारत विचारत सापडलं. ती पडूनच होती, मुलाला वाटत होतं उन्हाने झालं. त्याच्याच रिक्षातून तिला नेलं. भांडुपचे खांदेवाले गृहस्थ चालते-फिरते होते, त्यांच्याकडे पुड्यांचा साठा होता. वाघमारेने हात जोडून त्यांना सांगितलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. त्यांना ते विचित्र वाटलं. विष म्हणता आणि चालू ठेवा म्हणता? तिने तिसऱ्यांदा, अगदी शांतपणे, पहिल्यापासून समजावलं. दोन दिवसांत बहुतेक सगळे सापडले.

एक म्हातारे सापडले नाहीत. रांगेत त्यांनी तिला आपल्या नातीचं नाव सांगितलं होतं. नाहूरमध्येच त्यांची खोली होती, तिला कुलूप. शेजारी म्हणाले, गावाला गेले, साताऱ्याकडे. शेजाऱ्यांकडून पत्ता घेऊन तिने माझ्याच काउंटरवर कार्ड लिहिलं. मी त्यावर शिक्का मारला. नंतर कितीतरी आठवडे ती दुपारी रस्ता ओलांडून यायची. “आलं का?”

“नाही गं.”

आणखी दोन कार्डं गेली. उत्तर आलं नाही. ते म्हातारे जगले का, हे आम्हाला कधी कळलं नाही.

तपासणीचा अहवाल पुढे केव्हातरी आला. तिचा संशय बरोबर होता. मी म्हटलं, “तू विचारलं नसतंस तर आई अजून पुड्याच खात असती.”

“हो,” ती म्हणाली. “पण क्रम चुकला माझा. आधी माणसं सांभाळायची होती. मग त्याला विचारायचं होतं.”

त्यानंतर तिच्यात एक फरक पडला. प्रश्न कमी झाले नाहीत, पण विचारण्याआधी ती क्षणभर थांबायला लागली. समोरच्याला ते जाणवायचंही नाही. मला जाणवायचं.

आईचं औषध डॉक्टरांनी महिनोन्महिने उतरवत नेऊन बंद केलं. दुखणं परत आलं. वाघमारेने ते आधीच सांगितलं होतं, “मावशी, गुडघा पहिल्यासारखाच दुखणार, मी खोटं बोलणार नाही.” आईने तिला आठ दिवस शिव्या दिल्या. मग पाय सरळ करून धरायचा व्यायाम सुरू केला, नाइलाजाने आणि नंतर हट्टाने. पुढे पुढे ती दुकानातल्या स्टुलाशेजारी उभी राहून दुसऱ्या बायकांना शिकवायची, “धा मोज गो, धा! सातार कित्याक थांबलंस?” एका रविवारी ती वाघमारेच्या घरी जेवायला गेली. येताना डबा भरून ठेचा घेऊन आली. आडनावाचा विषय आमच्या घरात परत निघाला नाही.

दशक संपता संपता वाघमारेला महापालिकेच्या दवाखान्यात नोकरी लागली, बोरिवलीला. शामजीभाईंनी दुकानात सगळ्यांना आइसक्रीम दिलं आणि डोळे पुसायला आत गेले. मुलुंड ते बोरिवली म्हणजे तेव्हा दुसऱ्या गावाला गेल्यासारखंच. एक-दोन पत्रं झाली, मग तीही थांबली.

वर्षभराने पोस्टाच्या कामासाठी मला बोरिवलीला जावं लागलं. काम लवकर आटपलं म्हणून मी तिचा दवाखाना शोधत गेले. औषधाच्या खिडकीसमोर लांब रांग. खिडकी कसली, जाळीत कापलेलं हातभर भोक. आतल्या माणसाला बाहेरच्याचा फक्त हात दिसावा, इतपतच. मी रांगेच्या कडेला उभी राहून हाक मारायच्या बेतात होते, इतक्यात भोकातून बाहेर आलेला एक पांढऱ्या कोटाचा हात दिसला. तो एका म्हाताऱ्या बाईची बोटं धरून होता. गोळ्यांचं पाकीट बाजूला पडलेलं. ती सुजलेली बोटं तो हात एकेक करून हलके वाकवून बघत होता, आणि म्हातारी भोकाशी वाकून आत काहीतरी सांगत होती. गावाकडचं, घरातलं, बरंच लांबचं काहीतरी.

“ओ बाई, लाइन केवढी झाली बघा!” मागून कुणीतरी ओरडलं.

हात हलला नाही. आतून आवाज आला, “सांगा आजी. पुढं काय झालं?”

मी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. माझ्यापुढे तीसेक माणसं होती. तासाभराने त्यातल्या निम्म्यांचाही नंबर लागला नव्हता, आणि मला चारच्या आत ऑफिसात परतायचं होतं. मी तिला न भेटताच निघाले.